उलटी रेघ

वहीत एक ओळ नव्हती. २००५ च्या डिसेंबरात हे माझ्या लक्षात आलं आणि पुढचे चार महिने मी नीट जेवले नाही.

ॲन आर्बरला माझं पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू होतं. आमची लॅब एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती, खिडकी छताला टेकलेली, आणि हिवाळाभर त्या खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसायचे. काम होतं भूचुंबकीय स्पंदनांचं. सूर्याकडून सतत विद्युतभारित कणांचा वारा येत असतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की ते क्षेत्र तंबूच्या कापडासारखं थरथरतं. ही थरथर इतकी बारीक की साध्या होकायंत्राच्या सुईला तिचा पत्ताही लागत नाही, पण नाजूक सेन्सर ती टिपतात आणि कागदावर तिची नागमोडी रेघ उमटते. ध्रुवाजवळ ती सर्वांत ठळक. म्हणून आमची दोन यंत्रं अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला, एका छोट्या गावाबाहेर पुरलेली होती. एक समुद्राकाठी, दुसरं तिथून सहा किलोमीटर आत.

आतलं यंत्र मी बसवलं होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, टेक्निशियनबरोबर, पावसाच्या भुरभुरीत आणि डासांच्या ढगात. केबलच्या टोकाचं सोल्डरिंग माझ्या हातचं.

सप्टेंबरात पहिला डेटा आला आणि माझे गाईड खुर्चीतून उठून उभेच राहिले. आडव्या दिशांच्या रेघा दोन्ही ठिकाणी तंतोतंत सारख्या होत्या. उभ्या दिशेची रेघ मात्र किनाऱ्यावर वर जायची तेव्हा आत खाली जायची. अगदी आरशातल्यासारखी. शंभर किलोमीटर उंचीवरून येणारी गोष्ट सहा किलोमीटरमध्ये एवढी बदलू नये. म्हणूनच तर ते खूश होते. आकाशात आजवर कोणी न पाहिलेली अशी बारीक रचना असली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. महिनाभरात छोटा पेपर लिहून झाला. त्यावर दुसरं नाव माझं होतं. मी तो पेपर नागपूरला बाबांना पाठवला आणि बाबांनी त्याची झेरॉक्स काढून ऑफिसात वाटली.

आणि मग डिसेंबरात, दुसऱ्याच कशासाठी तरी, मी ऑगस्टची फील्डची वही उघडली. सेन्सर पुरायच्या आधी त्याचे ध्रुव तपासायचे असतात. लहानसं चुंबक जवळ धरायचं, आकडा वर जायला हवा तर वर जातोय ना हे बघायचं, आणि तसं लिहून ठेवायचं. एखाद्या दिशेच्या दोन वायर उलट जोडल्या गेल्या तर त्या दिशेची रेघ उलटी दिसते. किनाऱ्यावरच्या यंत्राच्या पानावर टेक्निशियनच्या अक्षरात ती ओळ होती. माझ्या पानावर नव्हती.

मी पान उलटून पाहिलं. पुढचं पाहिलं. मागचं पाहिलं. पानावर एक चिरडलेला डास होता आणि माझं बारीक अक्षर होतं. केबलची लांबी, खड्ड्याची खोली, वेळ, सगळं होतं. ध्रुव तपासल्याची ओळ नव्हती.

तपासले होते का? आठवेना. हात गारठले होते आणि टेक्निशियन "चल, गाडी निघायची वेळ झाली" म्हणत होता, एवढंच आठवत होतं. निळी वायर कुठे लावली आणि हिरवी कुठे, हे डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला की दर वेळी वेगळं चित्र दिसायचं.

त्या आठवड्यात मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो ईडन प्रेरीला एका कंपनीत होता, पुण्याचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमच्यात अकरा तासांचं ड्रायव्हिंग होतं.

"म्हणजे पेपरमध्ये जे छापलंय ते फक्त तुझ्या उलट्या वायरमुळे असू शकतं?" त्याने विचारलं.

"असू शकतं."

"यार." मग तो म्हणाला, "कन्फर्म नाहीये ना अजून? मग आत्ता काही बोलू नकोस. फंडिंग गेलं तर तुझा एफ-वन, स्टुडंट व्हिसा, जाईल. मग माझी बायको म्हणून एच-फोरवर घरी बसावं लागेल तुला. आधी चेक कर, मग बघू."

तो वाईट सल्ला देत नव्हता. त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते. पण चेक करायला ते यंत्र गोठलेल्या जमिनीत, पाच हजार किलोमीटरवर होतं, आणि तिथे जायची वेळ एप्रिलशिवाय येणार नव्हती. मी गप्प राहिले. जानेवारीत गाईडनी एका कॉन्फरन्समध्ये आमच्या रेघा दाखवल्या. फेब्रुवारीत ग्रँट वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला, त्यात त्याच रेघा. प्रत्येक वेळी ते मला फाईल मागायचे आणि मी द्यायचे. इथे प्रोफेसरला नावाने हाक मारतात. मला चार वर्षांतही ते जमलं नव्हतं, मी 'प्रोफेसर' म्हणायचे, आणि त्या दिवसांत तर तेही टाळायचे. तळघराच्या जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज आला की मी स्क्रीनवरची रेघ बंद करायचे. आज त्यांना कळलं असेल, आज विचारतील, असं रोज.

मार्चअखेर टेक्निशियन घराच्या पायऱ्यांवर घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. गाईड म्हणाले, "तू एकटी जाशील का? तिकडे आपली नेहमीची गार्ड असते सोबत."

मी हो म्हटलं. एवढ्या चटकन की त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

ती गार्ड विमानतळावर, म्हणजे एका पत्र्याच्या शेडमध्ये, मला घ्यायला आली. पंचावन्नच्या आसपासची, बुटकी, जाड काचांचा चष्मा. तिथल्याच एस्किमो समाजातली. वर्षभर गावातली स्कूलबस चालवायची, आणि आमच्यासारखे कोणी आले की रजा काढून रायफल घेऊन सोबत यायची, कारण त्या भागात पांढरी अस्वलं फिरतात. मी मनातल्या मनात तिला मावशी म्हणायला लागले आणि पुढे तेच राहिलं.

"किती वजन तुझं?" हा तिचा पहिला प्रश्न.

मी सांगितलं.

"फारच कमी. मागे बसलीस तर वाऱ्याने उडशील. मला घट्ट धर." आणि भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया तोंडात टाकून ती चालायला लागली.

एप्रिलमध्ये तिथे दिवस खूप मोठा असतो. आम्ही सकाळी नऊला निघालो, बर्फावर चालणाऱ्या मोटरसायकलवरून, मागे सामानाची स्लेड बांधून. वर स्वच्छ आकाश, खाली सपाट पांढरं. एक झाड नाही, टेकडी नाही, खांब नाही. डोळ्यांना टेकायला काहीच नव्हतं, म्हणून मी मावशीच्या पाठीकडे बघत राहिले. मावशी मात्र अशी चालली होती जशी गल्लीच्या कोपऱ्यावर दूध आणायला.

आमच्या आतल्या केंद्रावर एक लाकडी खोपी होती, मोठ्या कपाटाएवढी, त्यात बॅटऱ्या आणि डेटा साठवणारं यंत्र. तिथून शंभर पावलांवर सेन्सर जमिनीत पुरलेला. शंभर पावलं अशासाठी की लोखंडाची कुठलीही वस्तू जवळ आली की सेन्सर बिथरतो. खोपीपासून खड्ड्यापर्यंत काठ्या रोवून नायलॉनची दोरी बांधली होती. मी खोपीपाशी सगळं काढून ठेवलं. किल्ल्या, पट्टा, घड्याळ, जीपीएस, फोन. मंगळसूत्राचा फासा नागपूरच्या सोनाराने कशाचा केलाय याची खात्री नव्हती, म्हणून तेही काढून पाकिटात ठेवलं.

मग मावशीकडे पाहिलं. रायफल तिच्या खांद्यावर होती.

"ही तिकडे आणता येणार नाही ना?" ती म्हणाली. तिला माहीत होतं, पण तिला ते कधीच पटलं नव्हतं. "दर वेळी तुम्ही लोक मला इथे उभं करता आणि स्वतः तिकडे जाता. शंभर पावलं. अस्वलाला ती किती लागतात माहितीये?"

"किती?"

तिने गळ्यातली प्लास्टिकची शिट्टी दाखवली. "तीन वेळा छोटी वाजवली, परत यायचं. एकदाच लांब वाजवली, जिथे आहेस तिथे खाली बसायचं. धावायचं नाही. काही झालं तरी धावायचं नाही."

मी दोरी धरून गेले. प्लास्टिकच्या फावड्याने बर्फ खणून लाकडी झाकण काढायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागली. खाली कंबरभर खोल खड्डा, त्यात फोमने मढवलेली पेटी, पेटीत सेन्सर. मी खड्ड्यात उतरले. खिशात फक्त ते लहान चुंबक होतं, पिशवीत गुंडाळलेलं, एका टोकाला लाल रंग लावलेलं. लाल टोक खाली करून सेन्सरवर धरायचं, मनात साठ आकडे मोजायचे, काढायचं. मग टोक उलटं करून पुन्हा साठ. काय झालं ते खोपीतल्या यंत्रात नोंदलं जाणार होतं. तिथे जाऊन पाहीपर्यंत मला काही कळणार नव्हतं.

पहिले साठ झाले. मी चुंबक उलटं केलं. पुन्हा मोजायला लागले आणि तेरावर की चौदावर असताना उजेड बदलला.

वर पाहिलं तर आकाश नव्हतं. ढग आलेत असं नाही, आकाशच नव्हतं. वारा सुटला होता आणि जमिनीवरचा भुगा बर्फ उठून सगळीकडे भरला होता. खोपी दिसेना. दोरी दिसत होती ती दोन काठ्यांपर्यंत, तिसरी नाही. स्वतःचा हात लांब केला तर बोटं धूसर.

मग शिट्टी ऐकू आली. एकदा. लांब.

मी खाली बसले. झाकण ओढून डोक्यावर तिरकं धरलं. मला वाटतं मी आधी वाऱ्याला घाबरले, कारण मला वाटलं तिला दिसत नाहीये म्हणून ती थांब म्हणतेय. ते ठीक होतं. थांबू. अर्ध्या तासात निवळेल. असं मी स्वतःला सांगत होते, मराठीत, मोठ्याने, आणि माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

मग वारा एक क्षण पडला आणि मला बर्फ दबल्याचा आवाज आला.

ज्यांनी खूप थंडीतला बर्फ पाहिलाय त्यांना हा आवाज माहीत असेल. बूट ठेवला की खोबरं चावल्यासारखा करकरतो. हा तसाच होता पण सावकाश. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन. मग थांबणं. माणूस वादळात असा चालत नाही. माणूस घाईने चालतो, हाक मारतो.

मी हाक मारली नाही. श्वाससुद्धा मफलरमध्ये सोडत होते. माझ्या मुठीत ते चुंबक इतकं घट्ट होतं की नंतर तळव्यावर त्याचा चौकोन उमटला होता. लोकांना अशा वेळी आई आठवते, देव आठवतो असं म्हणतात. मला आठवली ती वही. मी मेले तर कोणीतरी ती वही उघडेल आणि ओळ नाही हे त्यांना दिसेल. खरंच, एवढ्या घाणेरड्या भीतीत माझ्या डोक्यात हेच होतं, की मेल्यावरही पकडली जाईन.

आवाज डावीकडून उजवीकडे गेला. दोरी ताणल्यासारखी हलली, माझ्या जवळची काठी एकदा थरथरली आणि थांबली.

मग बंदुकीचा बार झाला. फार जवळ वाटला. मग दुसरा. मग बराच वेळ नुसता वारा. आणि मग खरोखर माणसाची पावलं, घाईची, आणि मावशी दोरीला धरून माझ्यावर जवळजवळ पडलीच. चष्म्यावर बर्फ जमलेला, हातात रायफल.

आणि मी काय म्हणावं? मी ओरडले, "गन नको! गन नको, इथे सेन्सर आहे!"

"खड्ड्यात गेला तुझा सेन्सर," ती म्हणाली.

तो खड्ड्यातच होता. पण तेव्हा आम्हा दोघींनाही हसू आलं नाही. ती माझ्याशेजारी खड्ड्यात उतरली, रायफल गुडघ्यांवर आडवी धरून, पाठीला पाठ लावून. आम्ही किती वेळ बसलो ते यंत्रामुळे मला नक्की माहीत आहे, एक्केचाळीस मिनिटं. कारण तिची रायफल सेन्सरजवळ आली त्या क्षणी रेघ कड्यासारखी उभी चढली आणि आम्ही उठेपर्यंत वरच राहिली. अस्वलाची मात्र त्या रेघेत काहीच खूण नव्हती. त्याच्या अंगावर लोखंड नव्हतं ना.

निवळल्यावर मावशीने, बार हवेतच काढले होते असं सांगत, मला पावलं दाखवली. बरीचशी वाऱ्याने पुसली होती, दोरीपाशी मात्र आडोशाला चार-पाच राहिली होती. माझ्यात आणि तिच्यात, दोरी ओलांडून ते गेलं होतं. खड्ड्यापासून अकरा पावलांवर. पहिल्या ठशात मी माझे दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मावले. मग मला उलटी झाली.

"तरुण होतं," मावशी म्हणाली. "मोठं असतं तर दोरी ओलांडून पुढे गेलं नसतं, तुझा वास काढत बसलं असतं." हे तिने मला धीर द्यायला सांगितलं असावं.

खोपीत गेल्यावर मी लॅपटॉप जोडला. पासवर्ड तीनदा चुकला. चुंबक पहिल्यांदा धरलं ते मिनिट शोधलं. रेघ वर गेली होती. जशी जायला हवी तशी. दुसऱ्यांदा उलटं धरलं तेव्हा खाली, तेरा-चौदा सेकंद, आणि मग माझ्या हाताची थरथर.

वायर बरोबर होत्या. ऑगस्टमध्ये मी त्या बरोबरच जोडल्या होत्या. मी तिथेच बॅटरीच्या खोक्यावर बसून रडले आणि मावशीने थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात कोंबला. तिला वाटलं मी अस्वलामुळे रडतेय. मी तिला सगळं सांगितलं. महिनोन् महिने नवऱ्याशिवाय कोणाला न सांगितलेलं, त्या स्कूलबस चालवणाऱ्या बाईला पंधरा मिनिटांत सांगून टाकलं. वही, पेपर, रेघ किनाऱ्यावर वर आणि इथे खाली.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मध्ये काय आहे तुला माहितीये ना?"

"कशाच्या मध्ये?"

"दोन यंत्रांच्या मध्ये. आमच्याकडे जमिनीत खोल खड्डे खणून मांस ठेवतात. जमीन बाराही महिने गोठलेली, फ्रीज लागत नाही. माझ्या काकाने तिकडे, तळ्याच्या अलीकडे, असाच खणायला घेतला होता. दोन पुरुष खोल गेल्यावर पाणी लागलं. एवढ्या थंडीत पाणी. आणि समुद्रापेक्षा खारट. सगळी मेहनत वाया गेली. आता तिकडे कोणी खणत नाही."

ती हे मला काही समजावून देत नव्हती. काकाची फजिती सांगत होती. पण माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

गोठलेली माती वीज वाहू देत नाही. खारं पाणी देतं. आकाशातली स्पंदनं जमिनीतही बारीक विद्युतप्रवाह उठवतात, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो आणि मग विसरतो, कारण आम्हाला आकाशात रस असतो. खाली गोठलेल्या जमिनीच्या पोटात खाऱ्या पाण्याचा लांब पट्टा असेल, तर ते प्रवाह त्यात एकवटणार. आणि अशा प्रवाहाच्या एका बाजूला उभी रेघ वर जाणार, दुसऱ्या बाजूला खाली.

म्हणजे वायर उलट्या नव्हत्या आणि आकाशातही काही नवीन नव्हतं. जमीन बोलत होती. आणि पेपर चुकीचाच होता. फक्त आता चूक माझी नव्हती, गाईडची होती. मला वाटलं होतं की यंत्र बरोबर निघालं की भीती संपेल. ती उलट वाढली. माझी चूक असती तर मी माफी मागितली असती. यांची चूक यांना कोणत्या तोंडाने सांगायची?

माझ्याकडे एक छोटं हलवता येणारं यंत्र होतं. पुढचे चार दिवस आम्ही दोन केंद्रांच्या मधल्या रेषेवर चार ठिकाणी ते लावलं. स्पंदनं सकाळी जोरात असतात, तेव्हाच काम. रोज मी रायफलपासून दूर बसायचे आणि रोज मला तो करकर आवाज ऐकू यायचा. दर वेळी माझाच बूट असायचा. तिसऱ्या दिवशी, तळ्याच्या अलीकडे, उभी रेघ जवळजवळ सपाट झाली. चौथ्या ठिकाणी ती उलटली. शंका उरली नाही.

ॲन आर्बरला परतल्यावर नवरा फोनवर म्हणाला, "थिसिसचा डिफेन्स होऊ दे ना आधी. मग हळूच सांग. कोणाला घाई आहे?"

"ग्रँटच्या अर्जात तेच चित्र आहे."

"अर्ज तू लिहिलास का?"

मी रात्रभर विचार केला असं म्हणायला बरं वाटतं. खरं तर मी झोपले, खूप दिवसांनी गाढ झोपले, आणि सकाळी जाऊन त्यांच्या टेबलावर सहा रेघा मांडल्या. दोन केंद्रं, मधल्या चार जागा.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाहत राहिले. हुशार माणूस. मी एक शब्द बोलायच्या आधी त्यांना कळलं होतं. मानेपासून वर त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"जमीन," ते म्हणाले.

"हो. गोठलेल्या थराखाली खारं पाणी असावं."

"तू ही मधली मोजणी का केलीस? मी सांगितली नव्हती."

मी सांगितलं. वहीत ओळ नव्हती म्हणून मला शंका होती, वायर उलट्या असतील म्हणून.

"केव्हापासून?"

"डिसेंबरपासून."

त्यांनी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ते बोट ठेवून महिने मोजत होते, शाळेतल्या मुलासारखे. "मी जानेवारीत स्टेजवर उभा होतो तेव्हा तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुला वाटत होतं की हे खोटं असेल आणि तू टाळ्या वाजवत होतीस."

मी टाळ्या वाजवल्या होत्या.

"जा आता," ते म्हणाले.

अठरा दिवस ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. मी रोज लॅबमध्ये जायचे, रोज मेलबॉक्स उघडायचे, आणि रोज विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसचं पत्र असेल असं वाटायचं. ग्रोसरी आणायला गेले की दोन किलोऐवजी एक किलो तांदूळ घ्यायचे, उगाच राहून जायला नको म्हणून. एकोणिसाव्या दिवशी माझ्या टेबलावर एक कागद होता. त्यांनी जर्नलला पाठवायला लिहिलेली दुरुस्ती. आमचा निष्कर्ष चुकीचा होता, परिणाम स्थानिक भूगर्भाचा आहे, असं सरळ लिहिलेलं. वर माझं नाव पहिलं. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तपासून दे.' ग्रँटचा अर्जही त्यांनी मागे घेतला.

त्याची किंमत सगळ्यांनी दिली. टेक्निशियनला दुसऱ्या विभागात जावं लागलं. मला विद्यापीठातच शिकवण्याचं काम मिळालं, आठवड्याला शंभर पोरांचे लॅब रिपोर्ट, म्हणून एफ-वन वाचला, पण थिसिस दीड वर्षाने लांबला. त्या काळात प्रोफेसर माझी प्रत्येक कच्ची फाईल स्वतः उघडून पाहायचे. मी केलेल्या साध्या बेरजासुद्धा. मी त्यांना दोष दिला नाही. थिसिसचा विषय बदलला, तो आता आकाशाचा नव्हता, त्या खाऱ्या पट्ट्याचा होता. मावशीचे आभार पहिल्या पानावर मानले आणि तिला एक प्रत पाठवली. तिचं पोस्टकार्ड आलं. वजन वाढलं का, एवढंच विचारलं होतं.

मला ते अस्वल दिसलंच नव्हतं आणि त्याचमुळे ते कुठेही असू शकत होतं. पुढची दोन वर्षं हिवाळ्यात पार्किंगमधून चालताना कोणाच्या बुटाखाली बर्फ करकरला की मी जागच्या जागी थांबायचे. धावायचं नाही, एवढंच डोक्यात असायचं. लोक मागून येऊन आपटायचे आणि सॉरी म्हणायचे.

२००८ च्या मे महिन्यात डिफेन्स झाला. नवरा गाडी घेऊन आला होता, सामान भरून ईडन प्रेरीला जायचं होतं. मी किल्ली परत द्यायला तळघरात गेले तेव्हा प्रोफेसर एकटेच होते. त्यांनी हात मिळवला. मी निघाले, तर मागून म्हणाले, "एक सांगायचंय. डिसेंबरातच आली असतीस ना, तर मी चिडलो असतो. बहुतेक तुला गप्प केलं असतं. म्हटलं असतं, वायरी उन्हाळ्यात बघू."

मी दारात उभी. हे क्षमा मागणं होतं की क्षमा करणं, मला कळलं नाही. त्यांनाही माहीत असेल असं वाटलं नाही.

"थँक यू, प्रोफेसर," मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाले?" शिकागोची गर्दी ओलांडून विस्कॉन्सिनमध्ये शिरेपर्यंत मी काही सांगितलं नाही. मग सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस तर मीही म्हणालो होतो तुला. दोनदा."

"हो," मी म्हटलं.

त्याने रेडिओ लावला नाही. आम्ही तसेच गेलो.